पायभुंगा

माही सासू गोकुळाबाई एकदा हट्टाले पेटली की देवाच्या बापाचंबी ऐकत नाई. वैनगंगेत आमचा लहानसा टापू हाये. पानी ओसरलं की तिथल्या रेतीत आमी ढिवर लोक टरबुजाच्या वाड्या लावतो. रीत अशी, की पहिलं बी टाकाच्या आधी पायभुंगा रेतीवर सोडाचा. काळा, टणक पाठीचा किडा. त्याले उडता येत नाई, नुसता चालते, अन् फक्त आमच्याच टापूवर राहते. तो जिथी थांबला तिथी पहिलं बी.

मोठ्या पुरात टापू पुरा बुडाला, तवापासून पायभुंगा कोनाले दिसला नाई. लोकाईनं शेणकिडा सोडून काम भागवलं. सासू म्हने, नवरा उसना आनून संसार होते का? तिनं वाडी पडीत ठेवली. मी तं पार वैतागली होती. यंदा गावानं सांगून टाकलं, आता नाई पेरलं तं जागा शेजारच्या वाडीवाल्या मुखरूले.

तेवढ्यात चंद्रपूरच्या कॉलेजातली दिव्यानी किडे शोधाले आली. तिनं टापू उकरून पायला अन् तोंड पाडलं. जो उडत नाई तो दुसरीकडून येनार कसा? इथून गेला तं दुनियेतूनच गेला, म्हने. सासू ढसाढसा रडली. तिले रडताना मी पहिल्यांदा पायलं, अन् माहा राग कुठच्या कुठी गेला.

जाता जाता दिव्यानीनं विचारलं, याची अंडी रेतीतच असते, तं इथली रेती कोनी कुठी नेली का?

सासू ताडकन उठली. "निशा," म्हने.

निशा माही नणंद, पुराच्या आदल्या सालीच लगन झालेली. आमच्यात पोरगी सासरी जाताना मडक्यात टापूची रेती नेते, सासरच्या वाडीत टाकाले. निशानं मडकं शिगोशीग भरलं होतं. सासूनं भर मांडवात टोमना मारला होता, "सारा टापूच नेतं का वं?"

फोन लावला. निशा म्हने, ते काळे, चालनारे? आमच्या वाडीत लय हायेत, मले वाटलं सगळीकडंच असते. मी म्हनलं, उद्याच घेऊन ये.

दुसऱ्या दिवशी निशा नावेतून उतरली. सारं गाव काठावर, मुखरूबी. दिव्यानी तं भुंगा जवळून पायाले रेतीत पालथीच पडली होती. निशानं तेच मडकं सासूपुढं ठेवलं.

"घे माय, तुहा टापू."

भुंगा बाहेर आला, तुरुतुरु चालला अन् आमच्या वाडीत मधोमध थांबला. सासूनं मुठीत बी घेतलं अन् माह्याकडं पायलं. मी तिचा हात धरला, अन् आमी दोघीनं मिळून पेरलं.