बारा ते तीनची झाडलोट

"उतर खाली. चटई दर्शनाला येणाऱ्यांसाठी आहे."

काथ्याच्या ओल्या चटईवर मी एक पाय टेकला होता. एकच. तंजावरजवळ, पापनाशमच्या अलीकडचं जुनं देऊळ, सगळं आवार दगडी. बाराला दारं बंद होतात, माणसं जातात, मग आम्हा पाच बायकांनी तीनपर्यंत झाडायचं. अनवाणी.

बोलणारा मुकादम. तंजावरचा, आमच्यातलाच, घरी मराठी बोलणारा. माझ्या आईनं त्यांच्या घरी वर्षानुवर्षं दळण-कांडण केलेलं. म्हणून मी मराठीत म्हणाले, "मामा, पाय भाजतायत. जरा वेळ राहू द्या."

तो तमिळमध्ये बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "इथं मामा-बिमा कुणी नाही. झाडू उचल."

मग त्यानं चटई गुंडाळायला लावली. मंडपात ठेवली. चटई सावलीत, आम्ही उन्हात.

लाज त्याला वाटायला हवी होती. वाटली मला. मान खाली घालून झाडत राहिले.

आठ दिवसांनी सेल्वी पडली. आमच्यात सगळ्यात मोठी ती. आधी तिचा घाम थांबला. मग विचारायला लागली, बस कुठे थांबते. आवारात कसली बस? आम्ही हसलो. हो, हसलो. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं की घाम थांबणं म्हणजे काय.

मुकादम म्हणाला, "सकाळी जेवली नसेल."

आम्ही तिला ओढत मंडपात नेलं, पदर भिजवून मानेवर ठेवला, रिक्षात घातलं. सरकारी दवाखान्यातली नर्स म्हणाली, "ऊन लागलंय. बरळायला लागली तेव्हाच आणायचं ना." सेल्वी वाचली. पण तिचा हात अजून थरथरतो. बोलता बोलता शब्द सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या जागी नवी बाई उभी होती. बारा वाजले. मी झाडू खाली ठेवला. तमिळमध्येच बोलले, बाकीच्या जणींना कळावं म्हणून.

"पहाटे येऊ. ऊन उतरल्यावर येऊ. बारा ते तीन झाडणार नाही."

तेव्हा त्याला मराठी आठवली. हळूच म्हणाला, "आपली माणसं असून असं करायचं?"

मी उत्तर तमिळमध्येच दिलं. "मग सेल्वी कुणाची?"

एक जण माझ्याशेजारी बसली. तिघींनी झाडू उचलले. त्यांना मी दोष देत नाही, त्यांची घरं मला माहीत आहेत. आम्हा दोघींना त्यानं उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

आता दर सोमवारी, लोकांचे अर्ज घेतात तेव्हा, कलेक्टर कचेरीत 'बारा ते तीनची झाडलोट थांबवा' असा अर्ज घेऊन रांगेत उभी राहते. दोनदा घेतला, शिक्का मारला, घरी पाठवलं. बायका अजून बाराला झाडतात. मी थकलेय. खोटं कशाला सांगू?

या सोमवारीही जाणार. आणि उत्तर आलं नाही, तर भर बाराला त्या देवळाच्या दारात जाऊन बसणार. मला ओलांडल्याशिवाय एकाही बाईला आत नेता येणार नाही.