विष्णूची तीन मडकी

विष्णू गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. फोन ठेवला आणि उरलेली दाढी नीट पूर्ण केली... रडू आलं नाही. दीड महिना झाला, अजून आलेलं नाही.

सायखेड्यात विष्णूचं मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं आणि मी तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवायचो. आपल्या पूर्वजांकडे वीज होती, हे खूळ त्याच्या डोक्यात कुठून शिरलं कोण जाणे. कुठल्याशा जुन्या श्लोकाचा अर्थ त्याने ऐकला होता: मातीचं भांडं, तांब्याचा पत्रा, मोरचूद. द्राक्षाच्या फवारणीमुळे मोरचुदाला आमच्याकडे काय तोटा! त्याने तीन मडकी भरली, ओला भुसा दाबला, जस्ताच्या पट्ट्या खोचल्या आणि तारा जोडून एक बारीकसा लाल दिवा लावून दाखवला. "बघा सर!" मी म्हणालो, "तुझा लागला. त्यांचा लागत होता कशावरून?" तो हसला, मग प्रयोगाची वही पुढे केली. "एवढंच लिहा, की असू शकतं. तुम्ही लिहिलं की लोक हसायचे नाय." मी ठसठशीत अक्षरात 'पुरावा नाही' लिहिलं आणि खाली सही ठोकली. त्याने वही मिटली, चहा मागवला. तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

तो गेला त्या जागी, रिवाजाप्रमाणे, पिठावर पणती ठेवली होती. दार सताड उघडं, माणसांची ये-जा, नदीवरचा वारा... पणती सारखी विझे. तिसऱ्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांचाच दिवा लावा ना. त्यो नाय विझायचा." नातेवाईक एकमेकांकडे पाहू लागले. मी माळ्यावरून मडकी काढली, पट्ट्या घासल्या, भुसा भिजवला, तारा जोडल्या. दिवा लागला. दहाव्यापर्यंत रोज सकाळी जाऊन मी मडक्यांत पाणी घालत होतो.

नंतर वहिनींनी मडकी आणि वही मलाच दिली. माझ्या सहीखाली पेन टेकवून बराच वेळ बसलो. पुरावा अजूनही नाहीच. पण त्याने पुरावा मागितलाच कुठे होता? 'असू शकतं' एवढंच हवं होतं त्याला, आणि ते लिहिलं असतं तर मी काही खोटा ठरलो नसतो. आता लिहून दाखवू कुणाला? वही तशीच मिटली. मडकी माझ्या टेबलावर आहेत. आजही चहाच्या आधी त्यांत पाणी घातलं.