अण्णा मुक्कामाला येतील असं घर

गाव सोडलं तेव्हा सुन्या आणि मी एकाच एसटीत, एकाच बाकावर होतो. खाली खिडकीशी त्याचे वडील तात्या आणि माझे अण्णा उभे होते. तात्या सुन्याला वेळेवर जेव, वेळेवर झोप, असं बरंच सांगत होते. अण्णांनी मला एकच सांगितलं, "जा. पण मी भाड्याच्या घरात मुक्कामाला येत नसतो बघ. सवताचं घर केलास की बोलव." कंडक्टरने घंटी दिली आणि आम्ही उदगीरहून पुण्याकडे निघालो. सुन्याच्या मांडीवर पुऱ्यांचा डबा होता, माझ्या डोक्यावर ही अट.

तुमच्यापैकी जे तिकडंच राहिलात त्यांना वाटतं, पुण्याला गेलेली माणसं पुण्यात राहतात. तसं नसतं. पुण्यात आम्ही नोकरी करतो. राहायला भाडं जिथवर ढकलेल तिथवर जातो. लग्न झाल्यावर घर शोधायला मी बाणेरपासून सुरुवात केली. तिथल्या एजंटने आधी पगार विचारला आणि मग घर दाखवण्याचे कष्ट घेतले नाहीत. पश्चिमेला सरकत लवळ्यात आलो. तिथं मालकांना विद्यार्थी हवे होते, एका खोलीत चार कॉट आणि दर कॉटला वेगळं भाडं. आम्ही नवरा-बायको मिळून त्यांना फारच कमी पडत होतो. शेवटी उरवड्यात दोन खोल्या मिळाल्या. आणखी सरकलो असतो तर मुळशी धरणात घर बघावं लागलं असतं.

मालकीणबाईंना सगळे अक्का म्हणतात. त्यांची भाताची खाचरं कारखान्याला गेली, तेव्हा उरलेल्या जागेत त्यांनी भाड्याच्या खोल्यांची रांग उठवली. पहिल्याच दिवशी त्यांनी चौकशी केली, "आयबाप हायेत का? मग आणा की हितं कवातरी." मी हो म्हणालो. आई येऊन राहायची. अण्णा तिला सोडायला यायचे, ओट्यावर बसून चहा प्यायचे आणि दुपारच्या गाडीने परत जायचे. जन्मात घर शोधावं न लागलेल्या अक्कांचा मला हेवा वाटायचा, पण तो किरकोळ. खरा हेवा सुन्याचा.

सुन्याने महाळुंग्याला फ्लॅट घेतला. पगार आमचे सारखेच. पण त्याच्या सासऱ्यांनी लातूरचा प्लॉट विकून मदत केली. माझ्या सासऱ्यांनी आशीर्वाद दिले होते. त्याच्या इमारतीला परदेशातल्या कुठल्याशा नदीचं नाव आहे, ते सुन्या एक प्रकारे उच्चारतो आणि वॉचमन दुसऱ्या. वास्तुशांतीला गेलो तर लॉबीत चक्क धबधबा. त्यातलं पाणी टँकरचं असतं, हे मला वॉचमनने सांगितलं. त्या दिवशी मला झालेला आनंद तेवढाच.

वर एकोणिसाव्या मजल्यावर तात्या नवं धोतर नेसून सोफ्याच्या काठावर बसले होते. "आता मी हितंच ऱ्हाणार," ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. मी पेढा खाल्ला. चांगला होता, हेही मनाला लागलंच. दोन दिवसांनी अण्णांचा फोन आला, "तात्या ऱ्हायला गेला म्हणं सुन्याकडं." आणि फोन ठेवला. ते एवढं वाक्य मी पुढं कितीतरी दिवस चघळत होतो.

थंडीत एका रविवारी सुन्या तात्यांना घेऊन आमच्याकडे जेवायला आला. जेवण झाल्यावर तात्या ओट्यावर गेले. अक्का तिथं वालाच्या शेंगा सोलत होत्या. तात्यांनी न विचारता एक मूठ आपल्या पुढ्यात ओढली.

"लेकाचं घर लई उंच हाय म्हनं?" अक्कांनी विचारलं.

"उंच हाय ओ. पण तितून माणसं दिसत नाहीत, नुसती डोस्की दिसतेत."

"मग हितंच ऱ्हावा. हितं माणसं नको इतकी दिसत्यात."

संध्याकाळी सुन्या निघाला तर तात्या म्हणाले, "तू हो पुढं. मी उद्या येतो." हा उद्या आठवडाभर आला नाही. मधे त्यांनी माझ्याच ओट्यावरून अण्णांना फोन लावला. "अरे, मी पोराच्या दोस्ताच्या भाड्याच्या घरात ऱ्हायलोय, आन् तुला सवताच्या पोराच्या घरात यायला लाज वाटायली का?"

अण्णा शनिवारी पिशवी घेऊन हजर. दारातच त्यांनी जाहीर केलं, "मी तात्याला भेटायला आलोय." म्हणजे अट शाबूत. रात्री दोघं म्हातारे बाहेरच्या खोलीत शेजारी शेजारी घोरत होते आणि मी आत जागा होतो. मी इतकी वर्षं बोलावलं तर मुक्कामाला आले नाहीत, तात्यांच्या एका फोनवर आले. आता तात्यांचाही हेवा करायचं माझ्या नशिबी आलं.

रविवारी सुन्या तात्यांना न्यायला आला. ओट्यावर दोघं कुठल्याशा जुन्या बैलाच्या वयावरून भांडत होते. सुन्या ते बघत हळूच म्हणाला, "तुझं बरंय लेका." हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायची मला किती वर्षांची भूक होती. ऐकलं, आणि नीट पचलं नाही. कारण त्याच्या वडिलांना तो गाडीत बसवून नेत होता आणि माझ्या वडिलांचं इथं राहायचं कारणच त्या गाडीतून चाललं होतं.

गाडी वळली. अण्णा उठले, धोतर झटकलं. आता एसटीची वेळ विचारणार, म्हणून मी तयारीत उभा राहिलो.

"उद्या पाणी किती वाजता येतंय रे हितं?" अण्णांनी विचारलं.

अक्का आतून ओरडल्या, "साडेसहाला! अन् लौकर उठा पाव्हणं, नळाला लई गर्दी असती."

महाळुंग्याचा तो धबधबा अजूनही माझ्या डोळ्यांत सलतो. तिकडून जाताना मी मान फिरवून घेतो. पण त्याच्या पाण्याची वेळ कुणाच्या वडिलांनी कधी विचारली नसेल. मी आत जाऊन बायकोला सांगितलं, उद्या एक बादली जास्त भरायची आहे.