पिल्लू झूला द्यायचं न्हाई

मला झू लय आवडतं, आधीच सांगते. पप्पा मिलिटरीत होते. जिथं पोस्टिंग, तिथं पहिल्याच रविवारी आमी वाघ-सिंव्ह बघायला झूला! त्यामुळं त्या दिवशी झूच्या आडवी मीच आले याचं घरात सगळ्यांना नवल.

झालं असं. पप्पा रिटायर होऊन गावी आले, ऊस लावला, आणि लय वाट बघितल्यावर कारखान्याची तोड आली. निम्मा फड तुटला आणि ऊसतोडीच्या टोळीतली एक मावशी ओरडलीच. सरीत बिबट्याचं पिल्लू! एकटंच. मांजराएवढं, पण फुसफुस केवढी!

बघता बघता गाव बांधावर गोळा. एक आजी वाटीत दूध घेऊन आली. मी फॉरेस्टवाल्यांना फोन लावला. ते आले, म्हणले, "क्रेटमधी घालून हितंच ठेवू, आय न्यायला येती बहुतेक. पण आज-उद्या फडात कोणी यायचं न्हाई."

टोळीचा मुकादम लगेच म्हणला, "फौजी, टोळी बसवून ठेवता येत न्हाई. दुसऱ्या फडावर गेलो की परत कवा येईन, सांगत न्हाई."

पप्पांचा चेहरा पडला. "मग झूला देऊन टाका की साहेब. डॉक्टर हाय, मटण टायमावर हाय. पोरास्नी बघायला भेटंल."

"आवं पप्पा, आणि त्याच्या आयला झूचं तिकीट कोण काढणार?"

सगळे हसले. पप्पा न्हाई. मी पण थांबले न्हाई. "ज्याचा पाय मोडलाय, ज्याला कोण न्हाई, त्याला झू. ह्याची आय हितंच कुठंतरी ऊसात बसलीय. धडधाकट लेकरू पिंजऱ्यात घालायचं आणि रविवारी आपण बघायला जायचं?"

मुकादमानं डोकं खाजवलं. "शेजारचा फड तयार हाय. ते हो म्हणले तर उद्या टोळी तिकडं घालतो."

शेजारी म्हंजे चुलते. बांधाच्या भांडणावरनं पप्पांचं आणि त्यांचं बोलणं बंद. पप्पा पोस्टिंगवर असल्यापासनं.

पप्पा बांध ओलांडून सरळ चुलत्यांकडं गेले. आमी लांबनं ऐकतोय.

"उद्याची तोड तू घे. माझी मागनं."

"एका मांजरापायी व्हय रं?"

"मांजर न्हाई. लेकरू हाय, आय न्यायला यायची हाय."

चुलत्यांनी पप्पांकडं बघितलं, क्रेटकडं बघितलं. "घेतो. पण तुझी झाल्याबिगर टोळी गावातनं हलू देत न्हाई."

सकाळी फॉरेस्टवाल्यांसंगं आमी गेलो तर क्रेट आडवं पडलेलं. रिकामं! त्यांनी रातच्याला लावलेला कॅमेरा काढला. फोटोत आय, तोंडात मानगुटीला धरलेलं पिल्लू, शेपटी वर. मी किंचाळलेच.

पप्पा दोन बोटांनी फोटो मोठा करून करून बघत होते. "बघ, वढ्याकडनं नेलंय."

"वढ्याकडनं कुठं, आंब्याकडनं!" चुलते बांधावरनं वाकून बोलले. "नीट दाव की."