"नाटकं करू नकोस" आणि मेंदूज्वर

मंडळी, कोथरूडच्या आमच्या सोसायटीतल्या एका मुलाला मेंदूज्वर झाला. वेळेत उपचार मिळाले, तो बरा होतोय. पण बाकीची मुलं घाबरली होती. म्हणून सोसायटीने आज संध्याकाळी मला, म्हणजे इथल्याच एका बालरोगतज्ज्ञ काकूला, त्यांच्याशी बोलायला बसवलं. पालक मागे खुर्च्यांवर, मोबाइलमध्ये.

मी सांगितलं, यातला एक प्रकार थुंकीतूनही पसरतो. म्हणून एकमेकांच्या बाटलीला तोंड लावायचं नाही आणि लस चुकवायची नाही.

"काकू, चिमणीच्या दाताने तोडलेली चिक्की चालेल?" एका मुलीने टी-शर्टच्या टोकात चिक्की धरून चावून दाखवली. नाही म्हटलं. उष्टं होत नसेल, पण जंतूंना ते कुणी सांगितलेलं नाही.

मग म्हटलं, ताप आलाय, डोकं खूप दुखतंय, हनुवटी छातीला टेकत नाही, उजेड सहन होत नाही, असं काही झालं तर लगेच मोठ्यांना सांगायचं.

तीच मुलगी म्हणाली, "मी सांगितलं होतं डोकं दुखतंय. आई म्हणाली, नाटकं करू नकोस, क्लासची टेस्ट आहे."

मागचे मोबाइल खाली आले. तिची आई हसून म्हणाली, "अहो डॉक्टर, हिचं रोजचंच आहे." असेलही. बहुतेकदा असतंच.

मुलांना "लगेच सांगा" हे शिकवून मी घरी आले. तुमच्या घरी "नाटकं करू नकोस" शेवटचं कधी म्हणालात? आणि त्याआधी कपाळाला हात लावला होतात का?