एक किलो आठशे

मी आशाताई. मानपाड्याच्या मागे जुनं गावठाण आहे, तिथं नवं बाळ घरी आलं की तिसऱ्या दिवशी जायचं, ताप बघायचा, वजन करायचं, हे माझं काम. जीभ मात्र माझी लहानपणापासून तिखट, आणि तिनं मला एकदा चांगलंच गोत्यात आणलं.

त्या घरी गेले तेव्हा आजी मोरीत पाय पसरून बसलेली. पायांवर एक किलो आठशेची नात आणि वरून पाण्याचे तांबे. एवढ्याशा जिवाला अंघोळ घातली की अंगातली ऊबच जाते. माझं डोकं फिरलं. चारचौघींत बोलून गेले, की अशानं पोर हातची जाईल. पाचवी पुजायची बाकी, सटवीनं अजून नशीब लिहायचंय, आणि बाळंतिणीच्या घरात असलं अभद्र बोलतात का? आजीनं सरळ दार दाखवलं. म्हणाली, "मी पोरां वाढवलीत. मना नको शिकवू."

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. चूक माझी होती आणि भोगणार होतं ते बाळ. पाचव्या दिवशी नारळ घेऊन गेले, पूजेच्या पाटापुढे हात जोडले आणि आजीची माफी मागितली. तिनं नारळ घेऊन पाटावर ठेवला. मग विचारलं, अंघोळ नाही तर काय करायचं. मी सांगितलं, उघडं बाळ उघड्या छातीशी धरायचं, वरून पातळ गुंडाळायचं.

सुनेच्या टाक्यांना ठणका होता, तिला फार वेळ बसवेना. आजीनं चोळी सोडली आणि नातीला पदराआड घेतलं. मिठागरात राबलेली बाई ती, जागची हलली नाही. दूध पाजायला सुनेकडे, बाकी दिवसभर आजीच्या छातीशी. शेजारणी हसल्या तेव्हा तिनं अशा काही शिव्या हासडल्या, की मला माझी जीभ गोड वाटायला लागली.

महिनाभरानं काटा अडीच किलोवर गेला. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. आजी मात्र काट्याकडेच बघत होती.

"माझी गेलेली दोन अशीच बारकी होती," ती म्हणाली. "तवा आमचे दारान कोन आला नाय."

सून हातातला लंगोट तसाच धरून उभी राहिली. तिलाही हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं.