गाँगवरून गेलेला पाय

निघायच्या दिवशी सकाळी बाबांनी माझी बॅग उघडली, आईने भरलेली भाजणी आणि दोन साड्या बाहेर काढल्या आणि त्या जागी स्पूल टेपचे सात डबे बसवले. "कपडे तिकडे मिळतात, हे नाही मिळत," म्हणाले. आई नेहमीचंच म्हणाली, "जाताना वाद नको." २०२० चा जानेवारी होता. माझा नवरा समीर आधीच आयर्लंडला नास गावच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून रुजू झाला होता. मला तिथून जवळच, लिक्सलिपच्या कॉम्प्युटर चिपच्या प्लांटमध्ये नोकरी लागली होती. आमची सहा वर्षांची ईरा नवे बूट घालून दारात नाचत होती. मी ते डबे मुकाट्याने नेले. तिकडच्या नदीत बुडवीन, असं ठरवून नेले.

कारण त्या टेपांपायी माझा डावा कान गेला.

बाबा विद्यापीठात ध्वनिमुद्रणाचं काम करायचे. लग्नाआधी ते आठ महिने इंडोनेशियात, जावा बेटावर होते. तिथल्या राजवाड्यात त्यांनी गामेलान रेकॉर्ड केलं. गामेलान म्हणजे काशाच्या थाळ्यांसारखे गाँग, धातूच्या पट्ट्या, ढोल, असा वीसेक माणसांचा दरबारी ताफा. तिथे वाद्यं जिवंत मानतात, त्यांना कुणी ओलांडत नाही. ही रीत बाबांनी पुण्याला आणली आणि तिचा कायदा केला. टेप ओलांडायची नाही, मशीन ओलांडायचं नाही, मशीनची वायरसुद्धा नाही. अकराव्या वर्षी शाळेच्या घाईत मी वायर ओलांडली. बाबांनी कानाखाली अशी लगावली, की मी कपाटावर जाऊन आदळले. युनिफॉर्मच्या कॉलरवर रक्त आलं. कानाचा पडदा फाटला होता. आईने डॉक्टरांना सांगितलं, जिन्यावरून पडली. पट्टा, फूटपट्टी, चप्पल, सगळं आमच्याकडे चालायचं. "स्वभाव तापट आहे, पण मन कलावंताचं," आई म्हणायची. मला कधी ते मन दिसलं नाही, हातच दिसला.

इकडे आले आणि दोन-तीन महिन्यांत सगळ्यांच्या तोंडावर मास्क चढले. आपण इतकी वर्षं लोकांचे ओठ वाचून जगत होतो, हे तेव्हा कळलं. एक कान, त्यात आयरिश उच्चार, त्यात मास्क. सुपरवायझरला तिसऱ्यांदा "सॉरी?" विचारलं की तो "यू आर ग्रँड", म्हणजे 'ठीक आहे, काही नाही', म्हणून निघून जायचा. मी बाथरूममध्ये जाऊन भिंतीवर मुठी आपटायचे आणि बाबांना शिव्या घालायचे, अस्सल पुणेरी.

आणि दर रविवारी त्यांचा फोन. "टेप लावलीस का?" आता त्यांनाच कमी ऐकू यायला लागलं होतं. कान पुरते जायच्या आत राजवाड्यातलं ते वादन एकदा ऐकायचं होतं. त्यांचं मशीन कधीच मोडीत गेलं होतं, परदेशात ते नक्की मिळेल अशी त्यांची खात्री होती. टेपा नदीत टाकणं काही मला जमलं नाही. शेवटी २०२१ च्या लॉकडाउनमध्ये समीरने नासच्या एका म्हाताऱ्याकडून जुनं स्पूल मशीन आणलं. रोज एक टेप लावून मी कॉम्प्युटरवर उतरवू लागले. वादन सुंदर होतं. हे लिहितानाही राग येतो, पण होतं.

चौथ्या टेपमध्ये ते मधेच थांबलं. काहीतरी धडपडल्याचा आवाज, मग लोकांचा गलका, आणि मग तरुण बाबांचा मराठीतला आवाज. टेपवर टिपणं ठेवायची त्यांना सवय होती. "माझा पाय गाँगवरून गेला. थोरल्या वादकांनी मला गाँगपुढे फुलं ठेवायला लावली, पाठीवरून हात फिरवला. सगळे हसले. चहा दिला. आता पुन्हा सुरुवात."

मी तशीच टेप मागे घेतली आणि बाबांना फोन लावून स्पीकरवर ऐकवली.

"असेल," ते म्हणाले. "तेव्हा तरुण होतो मी."

"मी अकरा वर्षांची होते, बाबा!"

"काय? मोठ्याने बोल."

मी ओरडले. वीस-पंचवीस वर्षांचं साचलेलं सगळं त्या फोनमध्ये ओकले. तेवढ्यात माझा आवाज ऐकून ईरा धावत आली आणि जमिनीवरच्या वायरीत तिचा पाय अडकला. मशीन कलंडलं, टेप तुटली. माझा हात उठला आणि तिच्या कानावर पडला. ती टेबलाच्या पायावर आपटली.

फोनमधून बाबा विचारत होते, "काय झालं? टेप तुटली का?"

खरं सांगते, मीही आधी टेपकडेच पाहिलं होतं.

ईरा कान धरून उठली. रडली नाही. माझ्याकडे बघत मागे सरकत म्हणाली, "आय'म ग्रँड, मॅमी. आय'म ग्रँड." मला शांत करायला म्हणत होती. मी खाली बसून ऊर फुटेस्तोवर रडले. ती जवळ आली नाही.

समीर आल्यावर त्याला जे घडलं ते सांगितलं. आईसारखा जिना पुढे केला नाही. त्याने तिचा कान तपासला, पडदा शाबूत होता. मग शांतपणे म्हणाला, "पुन्हा हात उचललास, तर मी तिला घेऊन जाईन." मी हो म्हटलं.

तुटलेली टेप जोडली, सातही उतरवून बाबांना पाठवल्या. त्यांना ऐकू आल्या का, हे मी विचारलं नाही.

आई आता विचारते, तिकडचं घर आपलं वाटतं का गं? काय सांगू? वरच्या प्रेसमधून, म्हणजे इथल्या भिंतीतल्या कपाटातून, काही काढायला मी हात वर केला की ईरा अजून मान आखडते. म्हणून साखर, चहा, पोहे, सगळे डबे मी खाली ओट्यावर आणून ठेवलेत. घर म्हणजे सध्या एवढंच. तिच्यासमोर हात खांद्याच्या वर जाऊ द्यायचा नाही.